घाट न चढणारी गाडी

“बंद पडली?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई, दम खातेय.”

“मग तिला म्हणावं, सावलीत खा. माझा अर्धा चेहरा भाजून निघाला.”

मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, दोनदा हुंकारलं आणि गप्प झालं. कन्नडचा घाट आम्ही निम्म्याच्या वर चढून आलो होतो. खाली चाळीसगावकडचं सपाट रान उन्हात पांढरं पडलं होतं. डावीकडं डोंगर कापून काढलेली दगडी भिंत, आणि आमची लाल गाडी तिला इतकी खेटून उभी की सासूबाईंच्या बाजूचं दार वीतभर उघडून दगडाला टेकलं.

“रत्ना, मला उतरता येत नाहीये.”

“माझ्या बाजूनं या.”

“त्या दांडक्यावरून? या वयात?”

दांडकं म्हणजे गिअर. त्या तिथंच बसल्या, पदरानं वारा घेत. मे महिना होता. गाडीतलं रेक्झिन तापून त्याचा वास सुटला होता, आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतल्या कैऱ्यांचा वास त्यात मिसळत होता. कैऱ्या अण्णांसाठी होत्या. माझे वडील. कन्नडला त्यांचं सायकलचं दुकान होतं. हात थरथरायला लागल्यावर ते बंद केलं, आई गेल्यावर चूलही जवळजवळ बंदच झाली, आणि आता माझा भाऊ सुधाकर त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन चालला होता. त्याच दिवशी, दुपारची जेवणं झाली की. आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला होता.

“ताई, येणार असशील तर उद्या ये. अण्णा सारखं दाराकडं बघतायत. पण आम्ही थांबू शकणार नाही हं, लांबचा पल्ला आहे.”

आमचं चाळीसगाव ते कन्नड म्हणजे मध्ये एक घाट. एवढंच. पण मला माहेरी जाऊन दोन वर्षं व्हायला आली होती. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा पोचले नव्हते. का, तर आमची गाडी घाट चढत नव्हती.

हे आमच्या घरातलं ठरून गेलेलं सत्य होतं, जसं देवघरातला उंदीर जात नाही किंवा थोरल्या आत्यांना वांगं चालत नाही. गावात गाडी गुण्यागोविंदानं फिरायची. धुळे रस्त्याला पळायची. पण घाटाला लागली की चार-पाच वळणांत आचके द्यायची. मग भालचंद्र, म्हणजे माझे यजमान, हळूच हँडब्रेक ओढायचे, उतरून बॉनेट उघडायचे, आत बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, “पंप तापला गं. फिल्टरमध्येही कचरा असणार. रिस्क नको.” गाडी वळवली की सुरू. घरापर्यंत एकदाही अडायची नाही. वाटेत ते मला उसाचा रस पाजायचे, रुमाल भिजवून मानेवर ठेवायला द्यायचे. “पुढच्या वेळी नक्की,” म्हणायचे. असा माणूस. त्यांच्यावर रागवायला जागाच सापडायची नाही. मी शोधायची, आणि मग मलाच लाज वाटायची.

“एस.टी.नं जाते,” असं मी एक-दोनदा म्हटलं होतं. त्यावर ते नुसते जेवणावरून उठले होते. घरात गाडी असताना त्यांच्यासारख्या दुकानदाराची बायको स्टँडवर उभी राहणार. आठवडाभर घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. मग मी एस.टी. काढली नाही. आणि त्या दिवशी तर एस.टी.चा प्रश्नच नव्हता. घाटात दुरुस्तीचं काम चाललेलं, मोठ्या गाड्या लांबच्या रस्त्यानं वळवलेल्या, फक्त लहान गाड्यांना वाट होती.

भालचंद्र पहाटेच्या रेल्वेनं दुकानाचा माल बघायला सुरतेला गेले होते. आदल्या रात्री मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, “जा ना. मी कधी अडवलंय तुला? आईला घेऊन जा सोबत, एकटी नको.”

खरंच, कधी अडवलं होतं?

*

मी ब्रेक जरा सैल केला आणि गाडी मागं घरंगळत मघाच्या वळणापर्यंत आणली. तिथं रस्ता रुंद होता, चढही नव्हता फारसा, आणि एका पळसाची मोडकी सावली होती. किल्ली अर्धी फिरवून मी थांबले.

“आता कशाची वाट बघतेस?”

“पंपाचा आवाज ऐकतेय, आई. गप्प बसा जरा.”

सासूबाईंना मी गप्प बसा म्हटल्याची ती पहिलीच वेळ. त्या चकितच झाल्या आणि गप्प बसल्या.

गाडी मला कुणी शिकवली नव्हती. भालचंद्रांनी रिकाम्या मैदानावर दोन रविवार शिकवली, तेवढंच. बाकीची मी मागं लागून शिकले. आमच्या गल्लीच्या टोकाला नईमभाईंचं गॅरेज होतं. मी भाजीची पिशवी घेऊन उभी राहायची आणि विचारायची, हे काय, ते काय. ते बिचारे हात पुसत सांगायचे. गाडीच्या खणात कंपनीचं पुस्तक होतं, तेही मी वाचून काढलं, सिनेमाची गोष्ट वाचावी तसं. त्यातून मला एवढं कळलं होतं की पंप मागच्या सीटखाली टाकीत असतो, पेट्रोलमध्ये बुडून. डोहात बसलेल्या म्हशीसारखा. तो पेट्रोल ओढतो आणि नळीनं पुढं इंजिनाकडं ढकलतो. आणि ज्या पेट्रोलमध्ये तो बसलेला असतो तेच त्याला गार ठेवतं. डोह आटला की म्हैस तापणारच. पुढं वाटेत फिल्टर. तो म्हणजे गाळणी. तळाचा गाळ, गंज, कचरा अडवायचा आणि स्वच्छ तेवढं पुढं सोडायचं. गाळणी तुंबली की इंजिनाला घोट पुरत नाही. नुसतं उभं असेल तर चालतं, पण जोर लावायची वेळ आली, चढ आला की ते गुदमरतं.

किल्ली अर्धी फिरवली की मागून दोन क्षण “घुंऽऽ” असा आवाज येतो. तो पंप. आला. अगदी गोल, भरलेला आवाज.

गाडी सुरू झाली. मी चढाला लावली. जेमतेम एक वळण, आणि पुन्हा तेच आचके. या वेळी बंद पडल्यावर मी तिथल्या तिथं किल्ली फिरवून ऐकलं. आवाज गोल नव्हता. कोरडा होता, शिट्टीसारखा बारीक.

पुन्हा मागं घरंगळत पळसाखाली.

“रत्ना, पुरे,” सासूबाई म्हणाल्या. “ही गाडी घाट चढत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुलाच तेवढं नाही. वळव.”

“अण्णा निघून जातील, आई.”

“अगं, जातायत ते लेकाकडंच ना. फोनवर बोल.”

फोनला रेंज नव्हती. खालून एक काळीपिवळी जीप आली. माणसं आत, टपावर, मागं लोंबकळत. मी हात केला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून म्हटलं, “मावशी, श्वास घ्यायला जागा नाही, तुम्हाला कुठं घालू?” आणि गेला. त्याच्यामागून एक मोटारसायकल, तिच्यावर नवरा, बायको, दोन पोरं आणि एक बकरी. मग रस्ता पुन्हा मोकळा. ऊन डोक्यावर चढत होतं. कन्नडच्या घरातली जेवणं मला दिसायला लागली. अण्णा ताटात भात कालवत बसलेले, आणि सुधाकर म्हणतोय, आवरा आता.

मी हरले. खोटं कशाला सांगू? त्या रुंद वळणावर मी गाडी पुढं-मागं करत वळवली आणि तिचं तोंड उताराकडं, घराकडं केलं. किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. इंजिन असं मऊ चालायला लागलं की जणू त्यानं आयुष्यात कधी खोकला काढलाच नव्हता.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “तिलाच घरी जायचंय.”

मी ब्रेकवरचा पाय उचलणार होते. पण पाय उचललाच नाही.

फिल्टर तुंबलाय, असं भालचंद्र म्हणायचे. पंप तापलाय, म्हणायचे. मग आता कुठं गेला तो कचरा? तोंड उताराकडं केलं म्हणून गाळणी धुऊन निघते होय? मी गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबला. खूप दाबला. फिल्टर तुंबलेला असता तर इथंही गुदमरलं असतं. इंजिन स्वच्छ गरजलं, इतकं की पळसावरचा कावळा उडाला.

“काय चाललंय तुझं?”

“आई, पेट्रोल कमी आहे.”

“पेट्रोल कमी आहे म्हणून वर चढत नाही, तर मग आता कशी चालतेय?”

“टाकीत अगदी तळाला थोडंच आहे. चढावर गाडीचं नाक वर झालं की ते सगळं मागच्या कोपऱ्यात जातं आणि पंप कोरडा पडतो. उताराला तोंड केलं की पेट्रोल पुढं येतं, पंपापाशी. म्हणून ती घरी जाते. दर वेळी.”

बोलताबोलता माझ्या तोंडातले शब्द जड झाले. कारण काल संध्याकाळी मी स्वतः गाडी पंपावर नेली होती. मुद्दाम. घाटासाठी म्हणून अर्धी टाकी भरून घेतली होती. आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला, तो सदा एकाच जागी टेकून असायचा. पण मी माझ्या डोळ्यांनी नळी आत जाताना बघितली होती.

मी उतरले. उन्हानं तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून गाडीखाली वाकून बघितलं. सगळं कोरडं. कुठं थेंब नाही, ओल नाही, वास नाही.

वर आले तेव्हा सासूबाई समोरच्या काचेतून खालच्या रानाकडं बघत होत्या. माझ्याकडं बघत नव्हत्या.

“आई.”

“ऊन फार झालंय. चल.”

“आई, काल मी पेट्रोल भरलं होतं.”

त्यांनी पदर तोंडावरून फिरवला.  इंजिन मऊ चालत होतं. घरी न्यायला तयार.

“पहाटे काढलं,” त्या म्हणाल्या. “नळी लावून. मी पाणी तापवायला उठले होते. मागच्या अंगणात बसला होता भालू, कॅन घेऊन.”

“आजच?”

त्या पिशवीतल्या कैऱ्या चाचपायला लागल्या.

“दिवाळीलाही? आईच्या वर्षश्राद्धाला?”

“मी पहारा देत बसत नव्हते, रत्ना.”

“म्हणजे हो.”

“म्हणजे हो.”

मी किल्ली बंद केली. आवाज थांबल्यावर घाट एकदम मोठा वाटायला लागला. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण मला आठवत होता तो मानेवरचा ओला रुमाल. किती नीट पिळून द्यायचे. थेंब गळायचा नाही.

“तुम्ही मला सांगितलं नाही.”

“काय सांगू? वाटायचं, आज जाणार नाही, उद्या भांडण नाही. घर शांत राहतंय ना, झालं.” मग त्या जरा थांबल्या. “त्याला वाटतं, तू वर गेलीस तर परत यायची नाहीस.”

“असं का वाटावं? मी कधी असं बोलले?”

“नाही. पण त्याच्या मनात बसलंय. लेकरू नाही, काही नाही, तुला बांधून ठेवणारं काय आहे, म्हणतो.” आणि त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “माझं माहेर पाटणाकडं. वाटेत एवढा ओढा, बस्स. भालूचे वडील बैलगाडी जुंपून द्यायचे. बाकी काही नाही, माणूस देव होता. पण दर वेळी ओढ्यापाशी एक बैल लंगडायला लागायचा.”

“दर वेळी?” मी विचारलं.

“चांगला असायचा गं सकाळी. मी त्याच्या पायाला हळद लावायची घरी आल्यावर. वाटायचं, मुकं जनावर, माझ्यापायी दुखावलं.” त्यांनी हातातल्या बांगड्या उगाचच सारख्या केल्या. “आज तू गाडीखाली वाकलीस ना, तेव्हा कळलं. इतकी वर्षं झाली त्याला.”

एक वानर कठड्यावर येऊन बसलं आणि आमच्याकडं असं बघायला लागलं, जणू आम्ही रस्ता चुकलोय. पुढं घर होतं. मागं अण्णा. गाडीला एकच बाजू ठाऊक होती.

मग मला हसूच आलं. एकटीच हसले, वेड्यासारखी.

“काय झालं? डोक्याला ऊन लागलं काय?”

“आई, तिचं नाक उताराकडं असलं म्हणजे झालं ना? चाकं कुठंही जाऊ देत.”

“म्हणजे?”

“उलटी चढवू.”

त्यांना कळायला एक क्षण लागला. कळल्यावर त्या इकडंतिकडं बघायला लागल्या, जणू गल्लीतलं कुणी ऐकत असावं. “लोक काय म्हणतील?”

“वरच्या लोकांना काय माहीत आपण कोण ते.”

त्यांनी दार उघडलं. आता त्या बाजूला भिंत नव्हती, मोकळा रस्ता होता. त्या उतरल्या, पदर खोचला आणि मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडं तोंड करून बसल्या. पिशवी एका हातात धरून.

“चल. मी बघते मागचं.”

हल्ली मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. नव्या मुलींना सगळ्यात भीती वाटते ती मागं घेण्याची. त्या म्हणतात, मॅडम, तुम्हाला आरशात न बघता कसं येतं? मी सांगते, सराव. कुठला सराव ते सांगत नाही.

रिव्हर्समध्ये गाडी रडत रडत चढायला लागली. माझी मान पिळवटलेली, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, आणि मागच्या काचेत सासूबाईंचा अंबाडा. त्याच्या एका बाजूनं मला रस्ता दिसायचा.

“येऊ दे. येऊ दे. येऊ दे... थांब! कुत्रं आहे. गेलं. येऊ दे.”

“पंपाचा आवाज येतोय का खालून?”

“येतोय. घुंऽऽ करतोय.”

“कोरडा झाला तर सांगा.”

“सांगते. डावीकडं घे. माझी डावी नव्हे, तुझी. नव्हे गं, माझीच!”

आंधळ्या वळणावर त्या खाली उतरायच्या, वळणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या आणि येणाऱ्यांना हात दाखवायच्या. सत्तरीतली बाई, हिरवं लुगडं, घामानं चिंब. एक पांढरी चकचकीत गाडी वरून येऊन थांबली. आतल्या माणसानं काच खाली केली. “आजी, गाडी बिघडलीय का? उलटी का नेताय?”

“तुमची सरळ आहे ना? मग सरळ जा की,” सासूबाई म्हणाल्या.

दोन ठिकाणी इंजिन अडखळलं. मी थांबले, उताराच्या बाजूला नाक आणखी तिरकं केलं, पुन्हा सुरू केलं. क्लचचा जळका वास यायला लागला. मला सगळं ठाऊक होतं, काय जळतंय, काय झिजतंय. तरी नेली. कधीतरी शेवटचं वळण मागं पडलं, म्हणजे पुढं पडलं, आणि रस्ता एकदम सपाट झाला. वारा लागला. वरचा वारा. मी गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

“रडायला वेळ नाही,” मागून आवाज आला. “वळव आता सरळ. माणसासारखी जाऊ.”

पहिल्याच पंपावर मी टाकी पुरी भरायला सांगितली. नळी आपोआप खट्‌ करून थांबेपर्यंत. सासूबाई खाली उतरून त्या नळीपाशी उभ्या राहिल्या. कुणी काढून घेऊ नये म्हणून राखण करावी तशा.

*

सुधाकरची गाडी दारात उभी होती. टपावर गाद्या बांधलेल्या. अण्णा पुढच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर टोपी. सुधाकर ओसरीत कुलूप हातात घेऊन कडी ओढत होता.

मला बघून अण्णांचे ओठ हलले. पट्टा सुटेना त्यांना. मी खिडकीतून हात घालून तो काढला.

“घाट चढली?” त्यांनी विचारलं. पहिला प्रश्न हाच. माझ्या गाडीची कीर्ती वरपर्यंत होती.

“उलटी चढली, अण्णा.”

 आयुष्यभर सायकली दुरुस्त केलेला माणूस. त्यांना काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. फक्त त्यांचा थरथरता हात माझ्या मानेवर आला, जिथं पिळवटलेली शीर ठणकत होती, आणि तिथंच राहिला.

“मी थांबलो असतो गं,” ते म्हणाले. “हा थांबू देत नव्हता.”

“ताई, खरंच उशीर झालाय,” सुधाकर म्हणाला. “पंधरा मिनिटं बस त्यांच्याजवळ. चहासुद्धा करता येणार नाही, गॅस बंद केलाय.”

मी बसले. आम्ही विशेष काही बोललो नाही. कैरीची एक फोड त्यांना हवी होती, तर चाकू बांधून टाकलेला. सुधाकरनं दातांनी तोडून दिली. मग तो उठला, पुन्हा ओसरीत गेला, कडी ओढली आणि कुलूप अडकवायला लागला.

“सुधाकर,” मी म्हटलं, “कुलूप राहू दे.”

“म्हणजे?”

“किल्ली माझ्याकडं दे.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या सासूबाईंकडं. तो घाबरला होता. ताईची सासू, आता काय बोलते म्हणून. मीही मागं वळले नाही. वळायचं धाडस नव्हतं. घाट चढून आले होते, पण एवढं नव्हतं.

सासूबाई दोन पायऱ्या चढून ओसरीत आल्या. ओसरीतल्या नळाची तोटी त्यांनी फिरवून बघितली. कोरडी.

“काय रे,” त्यांनी सुधाकरला विचारलं, “इथं नळाला पाणी कधी येतं?”

“एक दिवसाआड. सकाळी.”

“मग आत दोन घागरी तरी असतील की नाही?” त्या म्हणाल्या, आणि कडी काढून अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरल्या.